घरी बनवलेला हलका टेलिस्कोप: कोल्हापुरात लोक सारखे विचारतात ते प्रश्न

मी पॅटर्न शॉपमध्ये लाकूडकाम करतो, म्हणजे फाउंड्रीत कास्टिंग ओतायला जे लाकडी पॅटर्न लागतात ते बनवायचं काम. आतापर्यंत दोन टेलिस्कोप बनवलेत, तिसरा पुतणीसाठी चालू आहे. गच्चीवर नाहीतर रंकाळ्याच्या कडंला टेलिस्कोप लावला की लोक थांबतात, बघतात, आणि तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवलं.

हे घरी खरंच जमतंय का?

जमतंय. न्यूटननं आरशाचा पहिला टेलिस्कोप १६६८ साली स्वतःच्या हातानं बनवला होता, आणि आपण जो बनवतो तो तत्त्वानं तोच: खाली एक खोलगट आरसा, वर ४५ अंशात एक छोटा सपाट आरसा, आणि बाजूला डोळा लावायची भिंग म्हणजे आयपीस. पण आपल्यासारख्यांना खरी वाट दाखवली ती जॉन डॉबसननं. हा माणूस अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत मठात, म्हणजे रामकृष्ण परंपरेतला, संन्यासी होता. पैसे नव्हते म्हणून जहाजाच्या खिडक्यांच्या जुन्या काचा घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि टाकाऊ प्लाय वापरला, १९६७ ला मठ सोडावा लागला आणि त्यानंतर रस्त्याच्या कडंला टेलिस्कोप लावून येणाऱ्या जाणाऱ्याला चंद्र, शनी दाखवत राहिला. आज जगभर हौशी लोक जो लाकडी पेटीवरचा टेलिस्कोप वापरतात त्याला त्याच्यावरूनच डॉबसोनियन म्हणतात. आपण तोच बनवायचा.

सारखं हलका हलका का म्हणताय? जड असला तर हलणार नाही की.

हा प्रश्न पॅटर्नवाले हमखास विचारतात कारण आमच्या कामात जड म्हणजे मजबूत. माझा पहिला टेलिस्कोप तसाच झाला. नळी १२ मिमी प्लायची, पेटी १८ मिमीची, सगळं मिळून २० किलोच्या वर. दुसऱ्या मजल्यावरून खाली आणायला दोघं लागायचे, जिन्याच्या वळणावर एकदा नळी भिंतीला घासली आणि अख्खं कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, गेलं, मग रात्री दहा वाजता आभाळ चांगलं दिसलं तरी "जाऊ दे उद्या बघू" असं व्हायचं. दोन वर्षात तो जेमतेम सात-आठ वेळा बाहेर निघाला. दुसरा बनवला तो ९ किलोचा, नळी ५ आणि पेटी ४, एका हातात नळी दुसऱ्या हातात पेटी आणि एका खेपेत गच्चीवर. आरसा तेवढाच, ६ इंची. पण पहिल्या महिन्यातच तो पहिल्यापेक्षा जास्त वेळा बाहेर निघाला. जो टेलिस्कोप गाडीवर मागं बसणाऱ्याच्या मांडीवर मावतो तोच पन्हाळ्यावर पोचतो, म्हणून प्रत्येक पार्ट बनवताना तो काट्यावर ठेवून वजन वहीत लिहा असं मी सगळ्यांना सांगतो.

हलका म्हणजे लेचापेचा नव्हे पण. पातळ प्लायला कोपऱ्यात पट्ट्या मारल्या की ती पेटी जाड फळीपेक्षा कमी वाकते.

आरसा किती मोठा घ्यावा?

पहिल्यांदा करताय तर ६ इंच, म्हणजे १५० मिमी, आणि फोकल लेंथ, म्हणजे आरशापासून चित्र स्वच्छ पडतं तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिमीच्या आसपास. १२०० भागिले १५०, म्हणून यालाच एफ ८ म्हणतात. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली जास्तीत जास्त ७ मिमी उघडते, त्या हिशोबानं १५० मिमीचा आरसा डोळ्याच्या साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. ८ इंच घेतला तर दिसतं भारी, पण वजन, पेटी, खर्च सगळंच वाढतंय. ४.५ इंचीसुद्धा वाईट नाही, शाळेच्या पोरांना तोच बरा.

आरसा भंगारात मिळतो का? दाढीचा खोलगट आरसा चालेल का?

नाही, हा एकच पार्ट असा आहे की जिथं काटकसर करू नका. दाढीच्या आरशाला चकाकी काचेच्या मागच्या बाजूला असते आणि त्याचा आकार चेहरा मोठा दिसण्यापुरताच बरोबर असतो. टेलिस्कोपच्या आरशाला ॲल्युमिनियमचा थर पुढच्या बाजूला लागतो आणि आकारातली चूक साधारण ७० नॅनोमीटरच्या आत पाहिजे, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग. एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा आरशाला जाऊ दे, बाकी सगळं भंगारातून काढू.

छोटा सपाट आरसा मात्र कधी कधी मिळून जातो. जुन्या झेरॉक्स मशीनमध्ये लांबट पट्टीसारखे आरसे असतात, त्यांना पुढच्या बाजूलाच चकाकी असते. कमी मॅग्निफिकेशनला ते चालून जातात पण गुरूचे पट्टे बघायला गेलात की प्रतिमा मऊ पडते. मी पहिले सहा महिने तसाच वापरला, मग विकतचा टाकला आणि फरक पहिल्याच रात्री दिसला.

मग आरसा स्वतः घासून केला तर?

वेळ आणि चिकाटी असेल तर नक्की करा, यासारखं समाधान नाही. दोन गोल जाड काचा घ्यायच्या, मध्ये कार्बोरंडम पावडर आणि पाणी, वरची काच खालच्यावर पुढंमागं घासत राहायची आणि थोड्या थोड्या वेळानं फिरवायची. गंमत अशी की वरची काच आपोआप खोलगट होते आणि खालची फुगीर. ८० नंबरच्या पावडरपासून सुरुवात, मग १२०, २२०, ४००, ६०० असं बारीक होत जायचं, शेवटी डांबरासारख्या पिचवर सेरियम ऑक्साइडनं पॉलिश. आणि एवढं सगळं करून मध्यभागी खळगा किती पडतो? १५० मिमी आणि १२०० फोकल लेंथला फक्त १.१७ मिमी. एवढ्याशा खोलीसाठी माणूस कित्येक आठवडे गोल गोल फिरतो.

पावडरी उद्यमनगरात मिळतात, पण नंबर बदलताना हात, बादली, टेबल, कपडे सगळं धुवायचं, ८० नंबरचा एक कण ६०० मध्ये आला की ओरखडा पडलाच. आकार तपासायला फूकोची टेस्ट असते, १८५८ सालची, तिला एक ब्लेड आणि एक छोटा एलईडी पुरतो. एफ ८ च्या ६ इंचीला शुद्ध गोलाकार आला तरी काम भागतं, पॅराबोला, म्हणजे मध्यभागी किंचित जास्त खोल आकार, करायची धडपड पहिल्या आरशाला नको. ॲल्युमिनियमचा थर मात्र व्हॅक्यूम चेंबरमध्येच बसतो, तो बाहेरून करून घ्यावा लागतो.

शिकायचं असेल तर पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, १९८८ साली जयंत नारळीकरांनी उभी केलेली (त्यांचा जन्म आपल्या कोल्हापुरातलाच, १९३८ चा). तिथं हौशी लोकांसाठी टेलिस्कोप बनवायच्या कार्यशाळा होत आल्यात.

लाकूड कुठलं वापरायचं?

नळीला ४ मिमी प्लाय, चारी कोपऱ्यांना आतून पाऊण इंची पट्टी. पेटीला ९ किंवा १२ मिमी, त्याच्या वर जाऊ नका, उलट बाजूच्या फळ्यांना मोठी गोल भोकं पाडून वजन काढा. मरीन प्लाय मिळाला तर बघा, कारण आपल्याकडचा पाऊस.

पट्ट्यांसाठी सगळ्यात भारी म्हणजे पॅटर्न शॉपचे तुकडे. पॅटर्नला चांगलं वाळलेलं सागवान लागतं, नाहीतर माप बदलतं, आणि कापून उरलेले तुकडे बऱ्याच ठिकाणी सरपणाला जातात. शिरोलीत किंवा उद्यमनगरात कुणी ओळखीचं असेल तर एक पोतं मागून घ्या, नाही म्हणत नाहीत. मशिनरीच्या पॅकिंगची खोकी पण चालतात, ते लाकूड हलकं असतं, फक्त खिळे सगळे काढा आणि रंधा मारायच्या आधी हात फिरवून बघा, नाहीतर रंध्याची धार गेली म्हणून समजा.

सांध्याला फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही. गुण्या लावून काटकोन तपासा, नळी तिरकी झाली तर पुढं आरसे कधीच जुळणार नाहीत. आतून फळ्याला मारायचा काळा रंग द्या आणि तो ओला असतानाच वर बारीक भुस्सा भुरभुरा, वाळला की परत एक हात. भुश्शामुळं पृष्ठभाग खरबरीत होतो आणि बाजूनं घुसलेला दिव्याचा उजेड आतल्या आत मरतो.

भंगारातलं काय काय उपयोगी पडतंय?

लई काय काय. गॅलिलिओची एक खरेदीची यादी आहे, १६०९ सालची, एका पत्राच्या मागं लिहिलेली, त्यात तांदूळ आणि साखरेच्या बरोबरीनं तोफेचे गोळे, ऑर्गन बाजाचा पाइप, आरशाचे तुकडे असलं सामान आहे. ते वाचल्यापासून मी लक्ष्मीपुरीत हार्डवेअर घ्यायला जाताना खिशात तशीच यादी ठेवतो.

आरशाखालच्या तीन ॲडजस्टिंग बोल्टना स्प्रिंग लागतात, तिथं मोटरसायकलच्या क्लचच्या जुन्या स्प्रिंगा एक नंबर बसतात, गॅरेजवाला अशाच देतो. छोटा आरसा नळीच्या मधोमध धरायला पातळ पण ताठ पट्ट्या पाहिजेत, तिथं खोक्यांना बांधायची स्टीलची पॅकिंग पट्टी किंवा हॅक्सॉचं जुनं ब्लेड. फोकसरला, म्हणजे आयपीस धरून आतबाहेर सरकवायच्या नळीला, सव्वा इंची आयपीस बसेल असा प्लंबिंगचा पाइप, पण कंपनीगणिक आतला व्यास बदलतो, म्हणून दुकानात आयपीस घेऊन जा आणि घालून बघूनच घ्या, सैल असेल तर आतून मखमलीची पट्टी चिकटवा. नळी बंद न करता चार दांड्यांची उघडी केली असेल तर भोवती गुंडाळायला मोडक्या छत्रीचं काळं कापड, ते हलकं असतं आणि दवाचं पाणी पण धरत नाही.

मोठा आरसा बसवताना प्लायच्या त्रिकोणावर सिलिकॉनचे तीन ठिपके द्या, मध्ये काड्यापेटीच्या तीन काड्या ठेवून त्यावर आरसा अलगद टेका, एक दिवस वाळू दे आणि मग काड्या ओढून काढा. आरसा सिलिकॉनवर दोन मिलिमीटर तरंगता राहिला पाहिजे. घट्ट आवळला किंवा अरल्डाइटनं चिकटवला की काच ताणली जाते आणि तारे तिकोनी दिसतात.

नळी किती लांब आणि आयपीसचं भोक कुठं पाडायचं?

आधी आरशाची फोकल लेंथ स्वतः मोजा. माझ्या आरशाच्या डब्यावर १२०० लिहिलेलं, मी त्यावर भरवसा ठेवून भोक पाडलं, सगळं जोडलं, आणि चंद्र काही केल्या फोकस होईना, फोकसर पूर्ण आत ढकलला तरी पुसटच. मग आरसा काढून मोजला तर निघाला ११६०. शेवटी आरशाचा त्रिकोण नळीत ४० मिमी वर सरकवून बसवला तेव्हा कुठं जमलं. हे टाळायचं तर पौर्णिमेच्या आसपास गच्चीत आरसा चंद्राकडं करा आणि समोर छोटा कागद पुढंमागं करत चंद्राचं चित्र स्वच्छ कुठं पडतंय बघा, आरशापासून तिथपर्यंत टेप लावा. सूर्यावर हा प्रयोग अजिबात नको, कागद पेटतो.

समजा ११६० आली. छोट्या आरशापासून आयपीसपर्यंतचं अंतर, म्हणजे नळीची अर्धी रुंदी, प्लायची जाडी आणि फोकसरची उंची, हे साधारण १७० धरा. ते वजा केलं की ९९०, आरशापासून तेवढ्या उंचीवर भोक. नळीची आतली रुंदी १८० मिमी पुरते, छोटा आरसा ३० ते ३५ मिमी.

नळी सोडली की पुढं पडते, मागं वजन बांधू का?

बांधू नका, आधी वरचं काढा. नळी ज्या दोन गोल चकत्यांवर वरखाली फिरते त्यांना मी कान म्हणतो. कानापासून वरचं टोक ९० सेंटिमीटर आणि आरसा ३० सेंटिमीटर असेल तर वर वाढलेल्या प्रत्येक १०० ग्रॅमला खाली ३०० ग्रॅम टाकावे लागतात, तराजूचा साधा हिशोब आहे. म्हणजे वर हौसेनं मोठा लोखंडी फोकसर आणि जड फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) बसवला की मागं बिडाचा तुकडा बांधायची पाळी येते, आणि ९ किलोचा टेलिस्कोप बघता बघता १४ वर जातो. ६ इंची, २५ मिमी जाडीची काच स्वतःच साधारण ११०० ग्रॅम असते, तेवढं वजन तोलाला पुष्कळ आहे. कान बसवायच्या आधी आयपीससकट सगळं जोडा, नळी एका गोल दांडीवर आडवी ठेवा, जिथं तोल येतो तिथं पेन्सिलनं खूण करा, कान तिथंच.

फिरवताना झटके बसतात, काय करू?

वंगण, ग्रीस, बेअरिंग काही नको, बेअरिंगवर तर टेलिस्कोप वाऱ्यानं फिरतो. टेफ्लॉन आणि सनमायका ही जोडी. पेटीच्या तळाला खालून बारीक खरबरीत टेक्स्चरचा सनमायका, खालच्या पाटावर १२० अंशांवर टेफ्लॉनचे तीन छोटे चौकोन, मधोमध एक बोल्ट. टेफ्लॉनचे तुकडे उद्यमनगरात इंजिनिअरिंग सामानाच्या दुकानात मिळतात. जुनी एलपी रेकॉर्ड घरात पडून असेल, वाजत नसेल, तर सनमायकाऐवजी ती पण चालते. एका बोटानं ढकलला की सरकावा आणि बोट काढलं की तिथंच थांबावा, एवढंच बघायचं.

कोलिमेशन म्हणजे काय? लई अवघड म्हणतात.

दोन्ही आरसे आणि आयपीस एका रेषेत आणायचे, एवढंच. फोटो स्टुडिओत जुन्या रोलची प्लॅस्टिकची डबी मागा, ती सव्वा इंची फोकसरमध्ये बरोबर बसते. तिच्या बुडाला मधोमध बारीक भोक पाडा आणि त्यातून बघा. मोठ्या आरशाच्या केंद्रावर एक छोटं कागदी कडं चिकटवलेलं असू दे, त्यानं प्रतिमेला काही होत नाही कारण तिथं छोट्या आरशाची सावलीच असते. आधी छोटा आरसा हलवून कडं मधोमध आणा, मग मोठ्याचे तीन बोल्ट फिरवून छोट्याची सावली त्या कड्यावर आणा. पहिल्या दिवशी एक तास लागेल, महिन्यानं दोन मिनिटं. लाकडी टेलिस्कोप आहे, गाडीवरून नेला की दर वेळी बघायचंच.

आयपीस?

२५ मिमी आणि १० मिमी, दोन पुरतात. आरशाची फोकल लेंथ भागिले आयपीसची: १२०० भागिले २५ म्हणजे ४८ पट, १० मिमीनं १२० पट. कॉलेजच्या जुन्या मायक्रोस्कोपचा १०एक्स आयपीस मिळाला तर तो २५ मिमीचाच असतो, थोडा बारीक असतो म्हणून भोवती कागदाची बाही करावी लागते. "पाचशे पट दिसतंय का" विचारणाऱ्यांना: १५० मिमीला ३०० च्या वर काही मिळत नाही, नुसतं मोठं आणि पुसट. १२० पटीला पण पृथ्वीच्या फिरण्यानं शनी दीड मिनिटात आयपीसबाहेर जातो, हातानं हळूहळू ढकलत राहायचं, सवय होते.

पोरांसाठी याहून स्वस्त काही?

चष्म्याच्या दुकानातून प्लस एक नंबरची न कापलेली गोल काच आणा, तिची फोकल लेंथ एक मीटर. पुठ्ठ्याची नळी, दुसऱ्या टोकाला २५ मिमीचा आयपीस, झाली ४० पट. पुढं काळ्या कागदाला ३० मिमीचं भोक पाडून लावा नाहीतर कडांना जांभळे-पिवळे रंग दिसतात. चंद्राचे खड्डे आणि गुरूचे चार चंद्र, म्हणजे गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत बघितले तेच, आरामात दिसतात.

सूर्य बघता येतो का?

नळीच्या पुढच्या तोंडाला नीट बसणारा सोलर फिल्टर असेल तरच. एक्स-रेची फिल्म, काळी काच, गॉगल, आयपीसला लावायचे छोटे फिल्टर यातलं काहीच नको, क्षणात डोळा जातो आणि परत येत नाही. दिवसा टेलिस्कोपला झाकण घालूनच ठेवा, घरात लहान पोरं असतील तर दोन झाकणं.

सूर्याची गती समजून घ्यायला आपल्याकडं अंबाबाईचा किरणोत्सव आहेच, मावळतीची किरणं देवळात थेट मूर्तीवर पडतात तो. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर असा दोनदा का होतो? कारण या दोन्ही वेळी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १७ अंशांवर असतो, एकदा जाताना एकदा येताना. पुतणीला ऋतू शिकवायला मी हेच उदाहरण दिलं आणि तिला ते एका झटक्यात कळलं.

कोल्हापुरातून काय दिसतं? कुठं जायचं?

चंद्र, गुरू, शनी शहरातल्या कुठल्याही गच्चीतून. जानेवारी-फेब्रुवारीत मृगातला तेजोमेघ शुक्रवार पेठेतून पण दिसतो, चार ताऱ्यांचा बारीक समलंब आणि भोवती राखाडी पंखासारखं धुकं, रंग दिसत नाहीत हे आधीच सांगतो. दीर्घिका आणि गुच्छांसाठी शहर सोडा. पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठार चांगलं, गगनबावडा त्याहून काळोखा. अवसेच्या आसपास जा, अंधारात डोळ्यांना अर्धा तास द्या, मोबाइल खिशात, टॉर्चला लाल जिलेटिन.

आणि मे महिन्याच्या मध्यात रात्री साडेदहाला दक्षिणेकडं नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गुच्छ बघितल्याशिवाय राहू नका. दिल्लीत तो जेमतेम १४ अंश वर येतो, लंडनमध्ये उगवतच नाही, आपल्याकडं २५ अंशांच्या वर येतो. साध्या डोळ्यांना पुसट ठिपका, आणि ६ इंचीत बघितलं की काळ्या कापडावर रवा सांडल्यासारखे तारेच तारे. गगनबावड्याला माझ्या आईनं तो बघितला, पाच मिनिटं आयपीसवरून डोळा काढला नाही, आणि "हे सगळं रोज असतंय व्हय इथं" एवढंच म्हणाली.

मोबाइलनं फोटो येतो का?

चंद्राचा छान येतो. बाकीच्यासाठी टेलिस्कोप ताऱ्यांबरोबर फिरवणारी मोटर लागते, ते वेगळं काम.

पावसाळ्यात टेलिस्कोपचं काय करायचं?

जून ते सप्टेंबर बनवायचे महिने आहेत, आभाळ तसंही झाकलेलंच असतं. बनवलेला असेल तर आरसा त्रिकोणासकट काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, नाहीतर बुरशी धरते. प्लायच्या कापलेल्या कडांना वॉर्निशचे तीन हात, पाणी तिथूनच आत शिरतं. आरशावर धूळ दिसली म्हणून लगेच पुसू नका, थोड्या धुळीनं काही बिघडत नाही. अगदीच घाण झाला तर नळाच्या हलक्या धारेखाली धरा, साबणाचा एक थेंब, ओला कापूस वजन न देता फिरवायचा, शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि उभा करून वाळवायचा. दसऱ्याच्या सुमाराला आभाळ उघडलं की आधी सगळे स्क्रू पिळून बघा, लाकूड पावसात फुगून परत आटलेलं असतं, मग डबी लावून कोलिमेशन, आणि मग वर न्या.